टकटक की ठकठक

आमच्याकडे त्या काळी मोटर होती असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच बंगला आणि टोपीवाला ड्रायव्हर उभा राहतो. तसलं काही नव्हतं. बदलापुरात बेलवलीच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकाची, आणि तीही अशी की दोन माणसं आत असली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं. गाडीला मात्र आमच्यापेक्षा ऐसपैस जागा होती. घराच्या कडेला बांबू रोवून, वर पत्रे टाकून माझ्या सासऱ्यांनी तिच्यासाठी स्वतःच्या हाताने छपरी उभी केली होती.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. घाटावरच्या एका लहानशा संस्थानात ते मोटरखान्याचे मुख्य होते. संस्थान विलीन झालं, राजवाड्यातल्या गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा कुणालाच नको असलेली एक जुनी काळी विलायती गाडी त्यांनी घेतली. वयाने ती माझ्याएवढीच असेल. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मुलाला अंबरनाथच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली, म्हणून मामंजी त्याच गाडीत पेट्या, पातेली आणि देव घालून, स्वतः चालवत घाट उतरून इकडे आले. मुलगा म्हणजे माझे यजमान. त्यांना मी 'हे' म्हणायचे, आणि आता ते नसतानाही नाव लिहायला हात धजत नाही, तेव्हा इथेही 'हे'च राहतील.

घरात आम्ही तिघंच. तरी लग्नानंतरचे पहिले सात-आठ महिने मामंजींशी मी मोजून दहा-बारा वाक्यं बोलले असेन. सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर, नजर खाली आणि आवाज त्याहून खाली, अशी माझ्या आईची शिकवण होती. हेही वडिलांशी हळूच बोलत. घरमालक, त्यांची बायको, शेजारीपाजारी, सगळेच म्हाताऱ्या माणसाचा मान राखून हलक्या आवाजात बोलायचे. मामंजी मान डोलवायचे, कधी 'बरं बरं' म्हणायचे, कधी नुसतेच हसायचे. माणूस मितभाषी आहे, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी मी त्यांना चहाला बोलवायला छपरीत गेले. गाडीचं इंजिन सुरू होतं, बॉनेट बंद होतं, आणि मामंजी हातात लोखंडी हँडल घेऊन ते पुढच्या भोकात घालायला वाकत होते. इंजिन बंद पडलंय असं समजून ते पुन्हा सुरू करायला निघाले होते. माझ्या माहेरी साताऱ्याकडे वडिलांची पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. चालू इंजिनाला हँडल लावलं की काय होतं ते मी पाहिलं होतं. तिथे एका गड्याचं मनगट असंच मोडलं होतं.

"मामंजी, चालू आहे!" मी किंचाळले. त्या घरात माझा खरा आवाज पहिल्यांदा निघाला तो असा.

त्यांनी वळून पाहिलं. मग हळूच रेडिएटरवर तळहात ठेवला. इंजिनाची थरथर हाताला लागली असावी, कारण त्यांनी हँडल खाली ठेवलं आणि गाडीच्या पायरीवर बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे त्याला सांगू नकोस. गाडीची किल्ली काढून घेईल."

'त्याला' म्हणजे ह्यांना. मी मान हलवली. मी कुणालाही सांगितलं नाही. त्या दिवसापासून रविवारी सकाळी, हे पत्ते खेळायला कारखान्यातल्या मित्रांकडे गेले की मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारायचे, "येतेस का जरा?" आणि मी चुलीवरचं खाली उतरवून छपरीत जायची.

इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखण्यात मामंजींचा मोठा हातखंडा होता, असं ते स्वतःच सांगायचे आणि मला ते खरं वाटतं. पूर्वी ते लांब पेचकसाची मूठ दातांत धरायचे, दुसरं टोक इंजिनावर टेकवायचे, आणि आवाज दातांतून डोक्यात यायचा. पुढे दात गेले, कवळी आली. "दात गेले आणि त्यांच्याबरोबर उरलेला कानही गेला," असं ते हसत म्हणायचे. हात अजून शाबूत होता. इंजिनावर हात ठेवून ते सांगायचे, काहीतरी आहे. काय आहे ते मात्र हाताला सांगता यायचं नाही. ते काम माझ्याकडे आलं.

पेचकस कानाला लावायची मला भीती वाटायची, म्हणून मी चुलीची फुंकणी घेऊन गेले. एक टोक इंजिनावर, एक कानाशी. मामंजींनी पाहिलं आणि खो खो हसले. मग म्हणाले, "पेचकसापेक्षा बरी आहे की!"

आमचं काम शब्दांवर चालायचं. पट्टा ढिला झाला की कुईकुई, कुठे फट पडली की फुसफुस, एखादा नट सुटला की खुळखुळ. मी ओरडून शब्द सांगायचे, ते ओठांकडे बघायचे आणि नेमका त्या जागी पाना लावायचे. शेजारची बाई एकदा मला विहिरीवर म्हणाली, "दर रविवारी सासऱ्याशी भांडता का हो?" मी म्हटलं, "हो, त्यांना सवय झालीय." घरी येऊन मामंजींना सांगितलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की कवळी काढून ठेवावी लागली.

एकाच जोडीने आमची पंचाईत केली होती. टकटक आणि ठकठक. टकटक म्हणजे वरच्या बाजूचा हलका आवाज. झडपा उघडणाऱ्या टॅपेटमधली फट वाढलेली असते, ती पोस्टकार्डाच्या तुकड्याने मापून नीट करायची, तासाभराचं काम. ठकठक म्हणजे खालून, पोटातून येणारा जड ठोका. पिस्टनच्या दांड्याचं बेअरिंग झिजलेलं असतं. माझ्या वडिलांच्या गिरणीत तसा ठोका ऐकू यायला लागला आणि चार महिन्यांत ते इंजिन भंगारात गेलं. माझ्या दृष्टीने ठकठक म्हणजे इंजिनाचं मरण, एवढंच मला ठाऊक होतं. आता ट आणि ठ ही अक्षरं ओठांवर अगदी एकसारखी दिसतात. मला ते कधी लक्षात आलं नसतं, पण मामंजींनी पहिल्याच महिन्यात दाखवून दिलं. म्हणून त्यांनी एक रीत पाडली. मी शब्द सांगितला की ते मडगार्डवर वाजवून दाखवायचे. हलकं असेल तर एका बोटाच्या नखाने, जड असेल तर मुठीने. "असं?" म्हणून माझ्याकडे बघायचे. मी हो किंवा नाही म्हणायचं. त्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत.

दोन वर्षं असं चाललं. त्या दोन वर्षांत घरातल्या दुसऱ्या कुणीही मला काही विचारलं नाही. ह्यांचा स्वभाव वाईट नव्हता, पण भाजी कोणती आणि पाहुणे किती यापलीकडे बायकोला काही विचारायचं असतं हे त्यांच्या गावी नव्हतं. मामंजी विचारायचे, "तुला काय ऐकू येतं?" आणि मी सांगेन ते खरं धरून चालायचे. त्या एका तासासाठी मी आठवडाभर वाट बघायची. पुढे मी जे केलं ते फक्त त्यांच्यासाठी केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. आता समजावत नाही.

एका शनिवारी संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "बाबा, गाडीचा आवाज बरा नाही. परवा स्टेशनवर लोक वळून बघत होते."

मामंजी ह्यांच्या ओठांकडे बघत होते. ह्यांना वाटायचं, वडील आपलं बोलणं फार लक्ष देऊन ऐकतात.

"टॅपेट असतील," मामंजी म्हणाले. "उद्या बघतो."

"किरकोळ असेल तर ठीक आहे. पण इंजिन खोलायची पाळी आली असेल, तर आता पुरे. सरळ कॅम्पातल्या भंगारवाल्याला देऊन टाकू. आणि तुम्ही तरी या वयात किती दिवस चालवणार?"

कॅम्प म्हणजे उल्हासनगर. लढाईच्या वेळच्या सोल्जरांच्या बराकी, आणि त्यांत फाळणीनंतर येऊन राहिलेले सिंधी लोक. सरकारने नवं नाव दिलं होतं तरी आम्ही कॅम्पच म्हणायचो. त्या बराकींत सुईपासून मोटरच्या सांगाड्यापर्यंत सगळं मिळायचं.

मामंजींच्या हातातला घास तसाच राहिला. "पुढच्या रविवारी तू माझ्या शेजारी बस," ते ह्यांना म्हणाले, "आणि मग सांग, गाडी कशी आहे."

दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडले आणि आम्ही छपरीत गेलो. मामंजींनी इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं, आणि मी फुंकणी टेकवली. वर काहीच नव्हतं. खाली सरकवत नेली तशी मला ती ओळखीची जड लय ऐकू आली. ठक, ठक, ठक. फुंकणी बाजूला केली तरी पायाखालच्या जमिनीत जाणवावी अशी. वडिलांच्या गिरणीतलं ते इंजिन बैलगाडीवर घालून नेतानाचा दिवस मला आठवला. माझे वडील त्या दिवशी जेवले नव्हते.

"ठकठक," मी म्हणाले.

मी खरं तेच म्हणाले, हे मला इथे लिहून ठेवायचंय. पण मला जेवढ्याने बोलायची सवय झाली होती तेवढ्याने नाही.

मामंजी माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "टकटक?" त्यांनी विचारलं, आणि मडगार्डवर एका बोटाच्या नखाने वाजवलं. "असं ना?"

मी मूठ वळून दाखवायला हवी होती. हात पदराआडच होता. त्यांचा तो चेहरा मला मोडवेना. मी मान हलवली, हो.

त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही. ते आपल्या कामाला चोख होते. लाकडी मुठीचा पेचकस घेऊन एकेक प्लग बंद करत गेले. ज्या प्लगला आवाज थांबेल, त्याच्या खालचं बेअरिंग गेलेलं. "फरक पडला तर सांग." पहिला, दुसरा, काही नाही. तिसऱ्याला ठोका चक्क थांबला. पेचकस काढला, पुन्हा सुरू. ते माझ्याकडे बघत होते. मी एकदा हो म्हणून बसले होते, आता काय सांगणार? मी मान हलवली, नाही.

मग त्यांनी टॅपेटचं झाकण काढलं, पोस्टकार्डाचा तुकडा फटीत घालून तासभर बसले, आणि पुन्हा इंजिन सुरू करून विचारलं, "आता?" आता तो ठोका जास्तच स्पष्ट येत होता. "कमी झालं," मी ओरडून सांगितलं. हे मात्र अगदी मोठ्याने आणि स्वच्छ.

त्या दिवशी मामंजी खुशीत होते. आंघोळ करून आले, शिरा करायला सांगितला, राजवाड्यातल्या एका हट्टी गाडीच्या गोष्टी सांगत ओटीवर बसले. मीही खुशीत होते. त्या दिवशी माझा वेळ फार छान गेला, आणि आज ही गोष्ट लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. अंबरनाथवरून कॅम्पात जायचं, मामंजींना टॅपेटच्या झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग घ्यायचं होतं, मला कापड. मामंजी चालवत होते, हे त्यांच्या शेजारी, मी मागे. रेल्वेचं फाटक ओलांडेपर्यंत ठीक होतं. मोकळा रस्ता लागला तसा मामंजींनी वेग वाढवला. मुलाला दाखवायचं होतं ना. हे मागे वळून मला म्हणाले, "आवाज तर तसाच आहे." मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. घरात एक माणूस खरंच बहिरा होता आणि मी सोंग घेत होते.

मग एकदम काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. गाडीने दोन झटके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. खालून तेल वाहायला लागलं. दांडा तुटून इंजिनाच्या अंगातून बाहेर आला होता, मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. सुदैवाने कुणाला काही लागलं नाही.

मामंजी खाली उतरले, वाकून पाहिलं, आणि तसेच वाकून उभे राहिले. शेतातून एक माणूस आला. "बाबा, गारी मेली काय? बैल लावू?" त्याने विचारलं. त्याने बैल जोडले आणि आमची गाडी त्यांच्यामागून कॅम्पापर्यंत गेली. मामंजी स्टेअरिंग धरून आत बसले होते. आम्ही दोघं पायी, मागून.

कॅम्पातला मिस्त्री मामंजींच्याच वयाचा होता. कराचीला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, इथे बराकीच्या अर्ध्या व्हरांड्यात तो बसत होता. त्याने गाडीखाली शिरून तेलाचं चेंबर काढलं, हात घालून धातूचे चुरा झालेले तुकडे काढले आणि फडक्यावर मांडले. एखाद्याच्या घरातल्या वारलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात तो बोलला.

"साईं, ये तो आठ-दस दिन से ठोक रहा होगा." त्याने तळहातावर मूठ आपटली. "पहले लाते तो मैं बेअरिंग में नया मेटल भर देता. चार दिन का काम था, बस. इंजन बच जाता."

चार दिवसांचं काम! मी ज्याला मरण समजत होते ते चार दिवसांचं काम होतं. मामंजींना हे अर्थात ठाऊक असणार. मी नुसता खरा शब्द सांगायचा होता, पुढचं त्यांनी बघितलं असतं. ह्यांना कसं समजवायचं तेही त्यांनीच बघितलं असतं.

मिस्त्रीने विचारलं, "घर में किसी ने सुना नहीं?"

मामंजींना ते कळलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. ह्यांनी ते पाहिलं. मिस्त्री मोठ्याने पुन्हा म्हणाला, "घर में किसी ने सुना नहीं क्या?" बराकीतली दोन-चार माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. ते कसला तरी हिशोब जुळवत होते, आणि तो जुळलेला मला दिसला. मग त्यांनी मान वळवली.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं तरी झाली. चूक माझी आहे."

मी तोंड उघडलं नाही. पदर सावरला आणि बराकीच्या भिंतीकडे बघत राहिले. बोलायला एक क्षण होता, चांगला मोठा होता. मिस्त्री हात पुसत होता, हे मामंजींकडे बघत होते. 'मामंजींनी मला विचारलं होतं, मी खोटं सांगितलं,' एवढंच म्हणायचं होतं. मला तेव्हा ह्यांची भीती वाटली, की लोकांची, की मी कुणीतरी आहे असं वाटणारा तो रविवारचा तास जाईल याची, मला आजही नक्की सांगता येत नाही. तास तर गेलाच.

गाडी तिथेच सोडून आम्ही टांग्याने परत निघालो. वाटेत मामंजींनी खिशातून किल्ली काढून ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी ती खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी भाजी चिरत होते.

"सूनबाई, तिसऱ्या प्लगला आवाज थांबला होता ना?"

"हो," मी म्हणाले, आणि त्यांना दिसावं म्हणून मानही हलवली.

"मग?"

मला रडू आलं. "तुम्हाला वाईट वाटलं असतं," मी कसंबसं म्हणाले. ते त्यांना ऐकू आलं की ओठांवरून कळलं, की आधीच ठाऊक होतं, कोण जाणे.

"मला बरं वाटेल ते सांगणारी माणसं राजवाड्यात पुष्कळ होती," मामंजी म्हणाले. "इथे मला एक कान मिळाला होता." मग जरा थांबून म्हणाले, "असू दे. रडू नकोस. चहा ठेव."

ते कधी रागावले नाहीत. घरात कुणाला बोलले नाहीत, ह्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्याशी वागणं होतं तसंच राहिलं, उलट जास्तच हळुवार झालं. फक्त पुन्हा कधी 'तुला काय ऐकू येतं' असं विचारलं नाही. हे आता वडिलांशी ओरडून बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसं तोडून तोडून. मामंजी वर्तमानपत्र पुढे धरून बसायचे. मी काही सांगितलं तर 'बरं, बरं' म्हणायचे, आणि मग हळूच स्वतः बघून यायचे. पोस्टमन येऊन गेला म्हटलं तरी ओटीवर एक फेरी मारायचे. दूध तापलं म्हटलं तरी पातेल्यावर हात धरायचे. पहिल्यांदा मला ते लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर मात्र दिवसातून दहा वेळा दिसायला लागलं.

आणखी दोनेक वर्षांनी एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. हे कारखान्यात होते. मी घरमालकाला धाडून अंबरनाथहून डॉक्टर बोलावले. डॉक्टर आले, बरोबर बॅग धरायला कंपाउंडर. त्यांनी छाती तपासली, पोट दाबून पाहिलं, आणि मला ओटीवर बोलावून सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, नुसतं अपचन आहे. चार दिवस हलकं खायला द्या, एवढंच. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना नमस्कारही न करता आत धावले.

मामंजी उशीला टेकून बसले होते. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, चेहरा उजेडात धरला आणि एकेक शब्द मोठ्याने, नीट ओठ हलवून सांगितला, "काळजी करू नका. हृदय चांगलं आहे. अपचन आहे, अपचन."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं, बरं. जरा पाणी आणतेस?"

मी माठातलं पाणी घेऊन परत आले, तर बॅग न्यायला आत आलेला कंपाउंडर पलंगाशी वाकून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होता. मामंजी त्याला दबक्या आवाजात म्हणत होते, "डॉक्टर बोलले तेच लिही. माझी भीड धरू नकोस." त्याने लिहून दिलं. मामंजींनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मग कुठे त्यांचे खांदे सैल पडले.

तेवढ्यात त्यांना मी दारात दिसले. त्यांनी कागद घाईघाईने उशीखाली सरकवला, तांब्या माझ्या हातातून घेतला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून, आपल्याला फार तहान लागली होती असं दोनदा सांगितलं.